वरच्या आळीचा व्हॉल्व्ह

बादल्या लावून ठेवल्यात ना नळाखाली? मग आता बसा स्वस्थ. दर पाच मिनिटांनी उठून तोटी पिळलीत म्हणून पाणी लवकर येत नसतं. वीज येईल, पंप चालू होईल, टाकी भरेल, मग कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवेल, तेव्हा येईल. माझा सगळा जन्म पंचायतीच्या पंपावर गेला, मला पाण्याची घाई शिकवू नका.

सूनबाई, दार नुसतं लोटून घे, कडी नको. आणि तू रे, तो मोबाइलचा दिवा माझ्या डोळ्यांवरून काढ. म्हातारा माणूस काही चोर नाही.

गोष्ट सांगा म्हणता? रचून सांगायला मला येत नाही, घडलेलं सांगतो. ज्याच्यावर बेतली तो माझा सोबती होता, आणि शेवटचं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पटलं तर बघा. नाही पटलं तरी मला त्याचं सोयरसुतक नाही.

आमच्या पंचायतीत पाणी सोडायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे चाव्या म्हणायचे. आईबापांनी चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं, ते पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागायचं. ह्याच्या खांद्यावर कायम व्हॉल्व्हची चावी. तुम्ही बघितली नसेल. कमरेएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, चावी आत सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. लग्नाच्या फोटोतही तो एक खांदा वाकडा करून उभा आहे.

आता त्याचं काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टाकी एक आणि आळ्या बऱ्याच. सगळ्यांना एकदम पाणी सोडलं तर कुणालाच धड मिळत नाही, म्हणून एकेका आळीचा व्हॉल्व्ह वेगळा. वरची आळी पार चढावर. तिथं पाणी चढायचं तर बाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद हवेत, म्हणून तिची पाळी रात्री. खालचं सगळं गाव घोरत असताना, दोनच्या सुमारास, चाव्या वरच्या आळीचं पाणी सोडायचा.

पण पाणी शेवटच्या नळापर्यंत पोचलं की नाही, हे त्याला कळायचं कसं? वर मोबाइलला रेंज नव्हती. चढून बघायला जावं तर मधे ओढ्यावरचा छोटा पूल, पुढे खडा चढ, जाऊन येईस्तोवर अर्धी टाकी खलास. ह्यावर त्याच्या बापानं फार पूर्वी एक तोड काढली होती. बापही पाणीच सोडायचा. त्यांचं घर वरच्या आळीतलं अगदी शेवटचं, आणि पाइप जुना, लोखंडी, खालपासून वरपर्यंत अखंड. बापाची थोरली मुलगी अंगणातल्या नळापाशी दगड घेऊन बसायची. नळाला पाणी आलं की पाइपावर एक ठोका. म्हणजे पोचलं. भांडी भरली की दोन ठोके. म्हणजे पुरे, बंद कर. आणि खालून बाप पाणी सोडण्याआधी चावीनं एक टोला द्यायचा. म्हणजे सोडतोय. चावीच्या दांड्याला कान लावला की लोखंडातून आवाज असा यायचा, जसं कुणी कानाशी बोट मोडावं.

पुढे बाप गेला. चावी मुलाच्या खांद्यावर आली, आणि दगड थोरलीच्याच हातात राहिला.

थोरली म्हणजे चाव्याची ताई. आई लवकर गेली तेव्हा तिनंच ह्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिचं लग्न झालं, पण नवरा फार दिवस जगला नाही, ती परत ह्याच घरात आली. चाव्या लग्नानंतर खाली रस्त्याकडेला राहायला गेला. ती काही हलली नाही. जीभ तिखट होती बाईची. पाणी यायला उशीर झाला की पाइपावर असा दणका घालायची की चाव्या दुसऱ्या दिवशी हसत मला सांगायचा, "दादा, काल पाइपातून शिवी आली बघा."

मग रस्त्यालगत नवी वसाहत झाली, तशी वरची आळी रिकामी होत गेली. आधी शिंपी उतरला, मग मास्तर, मग बाकीचे. दारांना कुलपं लागली. वर एकटी ताई उरली. चाव्या म्हणायचा, "ताई, ये ना खाली, दोन खोल्या आहेत." ती म्हणायची, "धाकट्या, मी खाली आले तर वर ठोका कोण देईल?"

त्या साली मासिक सभेत एक ठराव झाला. नव्या वसाहतीतल्या टाक्या भरायच्या आहेत, तेव्हा वरच्या आळीचा व्हॉल्व्ह आठवडाभर उघडायचा नाही. एका बाईसाठी एवढं पाणी वर चढवायचं कशाला? तिला टँकरनं एक पिंप भरून द्यावं. मंजूर. चहा यायच्या आत मंजूर झालं, आणि आमच्या सभेत दुसरं काही नाही तरी चहा वेळेवर येत असे. पिंपही गेलं. मी टँकरवाल्याला स्वतः विचारलं होतं, काठोकाठ भरून आला होता.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी रात्री चाव्या वसाहतीचा व्हॉल्व्ह उघडायला कोपऱ्यावर गेला. तिथं दोन्ही चेंबर शेजारी-शेजारी आहेत, वसाहतीचं आणि वरच्या आळीचं. झाकण सरकवतोय तोच वरच्या आळीच्या पाइपातून ठोके यायला लागले. पाणी तर सोडलेलंच नव्हतं. तरी एक ठोका. जरा थांबून एक. पुन्हा थांबून एक. जोरात नाहीत, सावकाश.

त्याला वाटलं, ताई रागावली. पिंपातलं शिळं पाणी नको झालंय बाईला, नळाचं हवंय. त्याला हसू आलं. त्यानं चावीनं उलट एक टोला दिला. त्याच्या मनात होतं, ऐकलं गं बाई, उद्या बघतो. मग वसाहतीचं पाणी सोडलं आणि घरी जाऊन झोपला.

सकाळी दूधवाल्याला ताई नळाशेजारी पडलेली दिसली. मुठीत दगड होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. पडल्यावर बराच वेळ जिवंत असणार, फक्त उठता आलं नसणार. आसपास हाक ऐकायला कुणी नव्हतं. हाताला लागेल असा तो पाइप तेवढा होता.

आणि तिनं ठोके दिल्यावर खालून काय उत्तर गेलं होतं? एक टोला. सोडतोय. म्हणजे तिला कळलं असणार, धाकट्यानं ऐकलं.

हे मी तुम्हाला सांगतोय ते एका दमात. त्याला हे उमगायला किती वेळ लागला असेल कोण जाणे. तो रडला नाही. सगळं रीतसर केलं आणि चौथ्या रात्री कामावर आला. मी म्हटलं, अरे, दोन दिवस घरी बस. तर म्हणाला, "घरी बसून काय करू?" दाढी केलेली, शर्ट धुतलेला. विनोद केला तर हसायचाही, पण जरा उशिरा. त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची, "वहिनी, ताटात वाढलं की जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. भाजीत मीठ घालायचं मी विसरले तरी कळलं नाही त्यांना." आत काहीतरी विझून गेलं होतं. मला फार वाईट वाटायचं, पण तसं तोंडावर कसं बोलणार?

एका रात्री माझ्याजवळ पंपावर बसला असताना त्यानं विचारलं. किती वाजले विचारावं, तसं.

"दादा, ती पाणी मागत होती, की मला बोलवत होती?"

मी म्हटलं, "पाणीच मागत असणार रे."

"पिंप भरलेलं होतं."

"अरे, पण तिला ताजं लागायचं ना..."

"हं," म्हणाला, आणि तंबाखूची पुडी काढून मळत बसला. मग अधूनमधून विचारायचा. तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी तेच उत्तर द्यायचो. त्याला जगाकडून दुसरं काहीही नको होतं, एवढं एक कळायला हवं होतं. पाणी मागत असेल तर चूक लहान होती, कुठलीही माणसं करतात तशी. त्याला बोलवत असेल तर मात्र...

महिना गेला. आता वरच्या आळीत कुणीच नाही म्हटल्यावर सभेत पुढचा ठराव आला, तिथला पाइप काढून भंगारात घालायचा. मंजूर. मंगळवारी संध्याकाळी सरपंचांचा चाव्याला फोन आला. "उद्या सकाळी ठेकेदाराची माणसं वरचा पाइप ओढणार आहेत. आज रात्री कामावर आलास की आधी तो व्हॉल्व्ह गच्च पिळून घे, थेंब येता कामा नये, आणि चेंबर मातीनं बुजवून टाक." चाव्या म्हणाला, "बरं साहेब." एवढंच.

त्या मंगळवारची रात्र मला चांगली आठवते. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती, आकाशात अर्धवट कसला तरी चंद्र होता तोही लवकर मावळला. पावणेदोनला तो पंपावर आला. माझ्या थर्मासमधला अर्धा कप चहा घेतला. कोपऱ्यातलं फावडं उचललं. खांद्यावर चावी, हातात फावडं. "जाऊन येतो," म्हणाला.

मी म्हटलं, "सकाळी बुजव की. मी येतो मदतीला."

"आज सांगितलंय त्यांनी."

गेला.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यानं, कधी अर्धं वाक्य आज आणि अर्धं चार दिवसांनी.

कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. त्यानं टॉर्च फावड्याला टेकवून ठेवला, झाकण सरकवलं, चावी बसवली. व्हॉल्व्ह आधीच बंद होता. तरी सांगितलंय म्हणून जोर लावला. पाव आटा फिरला.

आणि ठोका पडला.

त्यानं हात काढला.

जरा थांबून एक. पुन्हा थांबून एक. जोरात नाही. सावकाश.

काय रे? हवा? हो, पाइपात हवा अडकली की ठोकते, बरोबर आहे तुझं. त्यालाही आधी तेच वाटलं. बाप-लेकाचा जन्म त्या आवाजात गेलेला, हवेचा ठोका त्याला ओळखू येत नसेल का? हवेचा ठोका येतो पाणी सोडल्यावर. इथं महिनाभर पाइप कोरडा होता.

मी त्याला विचारलं होतं, "भ्यायलास?"

म्हणाला, "नाही. काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं मात्र वाटलं."

तो चेंबरच्या कडेला बसला. दांड्याला कान लावला. ठोके येत होते. त्यानं फावड्याकडे पाहिलं. मातीकडे पाहिलं. मग उठला आणि चावीनं एक टोला दिला. सोडतोय.

ठोके थांबले.

त्यानं व्हॉल्व्ह उघडला. सगळा. सरपंच, ठराव, ठेकेदार, कुणाचाही विचार मनात आला नाही म्हणाला. पाणी धावलं. कान लावून ऐकत बसला. पाणी चढाला लागलं की आवाज बारीक होतो, तसा झाला. नेहमी जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला.

एक ठोका.

पोचलं.

आणि त्या वेळी त्याला बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा. डोळे मिटून म्हणाला, पाणीच हवं होतं तर. नुसतं पाणी. दादा म्हणत होते ते खरं होतं. ताई, घे. हवं तेवढं घे.

मग दोन ठोक्यांची वाट बघत बसला. एक बादली भरायला लागतो तेवढा वेळ गेला. हंडा भरायला लागतो तेवढा गेला. तिच्या घरात होती-नव्हती ती सगळी भांडी भरली असती...

दोन ठोके आले नाहीत.

आला तो एकच. मग थांबून एक. पुन्हा थांबून एक.

तेच. त्या रात्रीचे.

पाणी तर पोचलं होतं ना? तिनंच सांगितलं होतं, पोचलं. मग आता काय हवंय?

...

सूनबाई, थोडं पाणी दे. पेल्यात दे.

हं. तर... त्याला उत्तर मिळालं. महिनाभर मला विचारत होता, ते.

त्यानं चावी तशीच व्हॉल्व्हमध्ये उभी ठेवली. टॉर्च घेतला. चढाला लागला.

ओढ्यावरच्या त्या पुलाला कठडा आहे, आणि पाइप त्या कठड्यावरून जातो, उघडा. लहानपणापासून त्याची सवय, पूल ओलांडताना पाइपावर हात ठेवून चालायचं. तसाच ठेवला. पाइप गार होता. आत पाणी धावत होतं, त्याची थरथर तळव्याला लागत होती. पूल संपेपर्यंत हात काढला नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

वरची आळी. कुलपं. कुत्रंसुद्धा नाही. चालता चालता ठोके कानाला थेट ऐकू यायला लागले. पाइपातून नाही. हवेतून. समोरून.

शेवटचं घर. अंगणाचं फाटक लोटलेलं.

टॉर्च विझवला म्हणाला.

"का?"

"उगाच डोळ्यांवर पडेल."

"कुणाच्या?"

...

"मग?"

"मग काही नाही. बसलो."

ह्यापुढं त्यानं कधी सांगितलं नाही. मी खोदून विचारलंही नाही.

आता माझं ऐका. मी पंपावर. आमच्या टाकीला बाहेरून एक लाल गोळा आहे, दोरीला बांधलेला. टाकी भरली की गोळा खाली येतो, रिकामी झाली की वर चढतो. उलटा हिशेब. साडेतीनच्या सुमारास मी बाहेर आलो, वर बॅटरी मारली, तर गोळा पार टोकाला. टाकी रिकामी होत आली होती! सगळे व्हॉल्व्ह बंद असताना! मी चपला घातल्या नाहीत, तसाच कोपऱ्याकडे पळालो.

चावी व्हॉल्व्हमध्ये उभी. फावडं आडवं. माणूस नाही.

हाक मारली. "चाव्या!" म्हटलं आधी पाणी तरी बंद करावं. दांडा धरला आणि, काय बुद्धी झाली, कान लावला.

पाणी धावत होतं. ते ठीक.

पण पाण्याच्या पाठीमागं... शेजारच्या खोलीत दोन माणसं हळू आवाजात बोलत असावीत, तसं. शब्द कळत नव्हते. एक बाईचा आवाज. एक पुरुषाचा. भांडण नव्हतं. घरातलं साधं बोलणं, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं हं म्हणायचं...

मी कान काढला. दांडाही सोडला. बंद करायची हिंमत झाली नाही. तिथंच रस्त्यावर बसलो.

उजाडता उजाडता तो उतारावरून आला. नेहमीची चाल. मला बघून दचकला नाही. चावी धरली, व्हॉल्व्ह बंद केला, चावी काढून खांद्यावर घेतली.

मी म्हटलं, "अरे, टाकी गेली सगळी. वेळेत बंद नाही का करायचंस?"

"तिनं पुरे म्हटल्याशिवाय कसं करणार?"

मी विचारलं, "ठोके दिले दोन?"

"ठोके कशाला? शेजारी बसलो होतो ना मी. तोंडानं म्हणाली."

आणि फावडं घेऊन चेंबरमध्ये माती ओढायला लागला. आदल्या दिवशी सांगितलेलं काम.

तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला. ठेकेदार खाली उतरून म्हणाला, "काय राव, रात्रभर इथंच होता की काय? चला, वरचा तुकडा काढू. पुलाचा काल दुपारीच नेला आम्ही."

मी म्हटलं, "पुलाचा काय?"

"पाइप हो. कठडा खचत होता, म्हणून तेवढा आधी उचलला. पंचायतीच्या आवारात पडलाय, बघा जाऊन."

मी पुलावर गेलो. कठड्यावर नुसत्या लोखंडी पट्ट्या होत्या, पाइप नव्हता. अलीकडे कापलेलं एक तोंड, पलीकडे एक. मजुरांनी त्यात चिंध्या कोंबल्या होत्या. चिंध्या कोरड्या. खाली कोरड्या ओढ्यात धूळ, धुळीत मजुरांच्या कालच्या पावलांचे ठसे जसेच्या तसे. अख्खी टाकी त्या तोंडातून गेली म्हणावं, तर एक थेंब सांडल्याची खूण नव्हती.

परत येऊन मी चाव्याकडे बघितलं. तो आपल्या तळहाताकडे बघत होता. मग म्हणाला, "माती कमी पडेल, अजून दोन घमेली लागतील."

वसाहतीत त्या दिवशी पाणी नाही, तेव्हा बोंब झाली. सरपंच चिडले, तालुक्याहून साहेब आले, टाकीभोवती दोन फेऱ्या मारून गेले. सभेत विषय निघाला, टाकीतलं पाणी गेलं कुठं? गळती, असं ठरलं. कुठली गळती, हे ठरावात नव्हतं. मंजूर. चाव्याला समज दिली. तो बरं म्हणाला आणि कामावर येत राहिला. प्रश्न मात्र त्यानं मला पुन्हा कधी विचारला नाही. एकदा जेवताना भाजी आळणी आहे म्हणाला, तर त्याची बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मला राहवेना. त्याच बुधवारी दुपारी, ऊन रणरणत असताना, मी एकटा वर गेलो.

ठेकेदाराची माणसं अजून तिथवर पोचली नव्हती. घराला कुलूप. नळाची तोटी गंजून आवळलेली, मी दोन्ही हातांनी पिळली, हलली नाही. तोटीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं केलं होतं, एक तार तुटलेली नव्हती. अंगणभर महिन्याची धूळ. फाटकापासून नळापर्यंत चाव्याच्या पावलांची एक रांग जाणारी, एक येणारी. दुसऱ्या कुणाची नाही.

नळाशेजारी भिंतीला टेकून तो बसला होता, ती जागा धुळीत उमटलेली होती. मांडी घालून बसला असणार.

तिला लागून दुसरी तशीच जागा होती. थोडी लहान.

ती ओली होती.

चार वर्षं झाली. घर पडलं, नळ गेला, त्या चढावर आता एक पाइप नाही. गेल्या उन्हाळ्यात मी काठी टेकत मुद्दाम वर जाऊन आलो. बाकी सगळं अंगण तडकलेलं. वाकून त्या जागेला हात लावून पाहिला.

अजून गार लागते.